तुळस जानेवारीत का करपते?

कार्तिकात थाटामाटानं तुळशीचं लग्न लागतं आणि पौषात त्याच वृंदावनात काळ्या पडलेल्या काड्या उरतात. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हिवाळ्यात हे चित्र नेहमीचं. मग तर्क सुरू होतात. कुणाला वाटतं पाणी कमी पडलं, कुणाला वाटतं कीड लागली. पाणी वाढवलं जातं, वर मूठभर खतही पडतं. गारठ्यानं झोपी गेलेली मुळं ते ओढून घेऊ शकत नाहीत आणि जे थोडंफार जिवंत होतं तेही कुजतं.

खरं कारण थंडीच असते. तुळस उष्ण प्रदेशातली. पारा दहा अंशांच्या खाली रेंगाळू लागला की तिची वाढ थांबते आणि दव गोठलं की पानं एका रात्रीत काळवंडतात. पुण्यात किंवा कोकणात तीच तुळस वर्षभर तग धरते, कारण तिथं दव गोठवणाऱ्या रात्री क्वचितच येतात किंवा येतच नाहीत. ग्वाल्हेरचा पारा मात्र डिसेंबर-जानेवारीत पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि मे-जूनमध्ये पंचेचाळिशी ओलांडतो. चाळीस अंशांची ही तफावत एकाच कुंडीनं सोसायची असते. म्हणून माहेरच्या अंगणातलं बागकामाचं वेळापत्रक इथं जसंच्या तसं चालत नाही. इथल्या बागेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ कीटकनाशकाच्या दुकानात सापडत नाही, ते हवा, पाणी आणि माती यांत असतं.

किला गेटचा परिसर घ्या. ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याची ही जुनी वस्ती. डोक्यावर वालुकाश्माचा डोंगर, खाली गुजरी महाल, थोड्या अंतरावर हजिरा आणि तानसेनची समाधी. इथल्या अनेक जुन्या घरांच्या भिंती दगडी आहेत आणि छपरावर दगडाच्या लांब पटिया घातलेल्या आहेत. मोकळी जमीन थोडी, त्यामुळे बाग गच्चीवर. मे महिन्यात ही पटिया दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिच्यावर थेट टेकवलेल्या कुंडीची मुळं वरून उन्हानं आणि खालून दगडानं भाजतात. कुंडीखाली दोन विटा ठेवल्या की हवा खेळते आणि जास्तीचं पाणीही वाहून जातं. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या सर्वांत जास्त तापतात. त्यांच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळावं, किंवा त्या दाटीवाटीनं ठेवून एकमेकींच्या सावलीत आणाव्यात. पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी एप्रिलच्या मध्यापासून लावली तर बहुतेक भाज्या आणि पानांची झाडं लू सोसतात. मोगऱ्याला मात्र ही जाळी नको. त्याला कडक ऊनच हवं.

हाच तापलेला दगड हिवाळ्यात कामी येतो. तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या डिसेंबरात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी सरकवाव्यात. दिवसभर ऊन खाल्लेली भिंत रात्री थोडी ऊब देते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, ती रात्र धोक्याची. अशा दिवशी दुपारीच माती हलकी भिजवावी, कारण ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरते. संध्याकाळी काठ्या रोवून वर जुनी चादर टाकावी, ती पानांना टेकू देऊ नये, आणि सकाळी ऊन आलं की काढून घ्यावी. तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडत राहिल्या तर झाड बियांवर शक्ती खर्च न करता फांद्या धरतं. काही मंजिऱ्या मात्र पिकू द्याव्यात आणि त्यांचं बी जपून ठेवावं. फेब्रुवारीच्या अखेरीस ते पेरलं की नवी रोपं हाताशी असतात. करपलेल्या फांद्या जानेवारीतच छाटण्याची घाई करू नये; वरचा वाळका भाग खालच्या डोळ्यांना थोडं पांघरूण देतो. कढीपत्त्याची पानं हिवाळ्यात गळली म्हणजे झाड मेलं असं नव्हे. पाणी आवरतं घ्यावं, खत बंद ठेवावं. होळीच्या आसपास डोळे फुटतात.

आता पाण्याकडे वळू. कुंडीतली झाडं तहानेनं मरतात त्याहून जास्त अतिपाण्यानं मरतात, आणि दोन्ही वेळा पानं सारखीच माना टाकतात. ओळखायची खूण सोपी आहे: बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावं. आत ओल असूनही पानं मलूल असतील तर मुळं कुजत आहेत आणि पाणी थांबवायला हवं. कोरडं लागलं तरच पाणी द्यावं, तेही तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज वरवर शिंपडल्यानं फक्त वरची इंचभर माती भिजते आणि मुळं खाली जाण्याऐवजी तापलेल्या पृष्ठभागाशीच घुटमळतात.

पाणी कुठलं, हेही महत्त्वाचं. ग्वाल्हेरला सांक नदीवरच्या तिघरा धरणाचं पाणी मिळतं, पण ते कमी पडलं की घरोघरी बोअर चालतात. जमिनीखालचं पाणी सहसा जलाशयातल्या पाण्यापेक्षा जड असतं. कुंडीच्या कडांवर आणि मातीवर पांढरी खपली दिसू लागली की क्षार साचत आहेत असं समजावं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याची पद्धत हल्ली पडली आहे. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते फरशी पुसायला वापरावं. एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते कुंड्यांना द्यायला हरकत नाही. महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू सोडलं तर साचलेले क्षार धुऊन जातात. जुलैच्या पहिल्या जोरदार पावसात कुंड्या आडोशाखालून बाहेर काढल्या तर हे काम फुकटात होतं.

जड पाण्याचा दुसरा परिणाम पानांवर दिसतो. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता यांची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण ती चुनखडीयुक्त झाली की मुळांना ते मिळत नाही. हिराकस मातीत टाकून फारसा उपयोग होत नाही, कारण तोही तिथं अडकून पडतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावं, किंवा चिलेटेड लोह वापरावं. याउलट खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र कमी आहे, तिथं शेणखत किंवा गांडूळखत हवं. पिवळेपणा वरून सुरू झाला की खालून, एवढं पाहिलं तरी अर्धं निदान होतं.

टोमॅटोची फुलं एप्रिलमध्ये गळतात, तेव्हाही औषध शोधण्यात अर्थ नाही. दिवस पस्तीस अंशांच्या वर गेले आणि रात्रीही तापलेल्या राहिल्या की परागकण निकामी होतात. इथं टोमॅटोचा खरा हंगाम पावसाळा ओसरल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा आहे. रोपं ऑगस्ट-सप्टेंबरात लावली तर मार्चपर्यंत फळ मिळतं, फक्त गोठवणाऱ्या रात्री ती झाकायला हवीत. फळाचं बूड काळं आणि चामड्यासारखं होत असेल तर त्याला कॅल्शियम पोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतं, म्हणून दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी चिखल, असं झालं की हा दोष हमखास येतो.

मिरचीचा चुरडा-मुरडा ही गच्चीवरच्या बागेतली सर्वांत जुनी तक्रार. इथं पान हातात घेऊन नीट पाहावं. कडा वरच्या बाजूला होडीसारख्या वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे आहेत. पान खाली वळून देठ लांबला असेल तर कोळी. फुलकिड्यांवरची सगळी औषधं कोळ्यावर चालत नाहीत, म्हणून न ओळखता केलेली फवारणी वाया जाते. पानं बारीक, जाड, गुच्छासारखी झाली आणि झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असू शकतो. त्यावर उपाय नाही. झाड उपटून पिशवीत बंद करून टाकावं, म्हणजे शेजारची मिरची वाचेल.

जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की तो पिठ्या ढेकूण. त्याच्या आसपास मुंग्यांची रांग असते. ढेकणाचा गोड चिकटा त्या खातात आणि बदल्यात त्याचं रक्षण करतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडावी. फांदीवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून पानांच्या खालच्या बाजूनं फवारावं. आधी एका पानावर करून पाहावं आणि भर उन्हात मुळीच करू नये, पानं भाजतात.

या किडीच्या बाबतीत 2008मधली एक घटना सांगण्यासारखी आहे. मध्य अमेरिकेतला पपईवरचा पिठ्या ढेकूण त्या वर्षी कोइमतूरला सापडला आणि पुढं महाराष्ट्रातही पोचला. पपईसह तुती आणि जास्वंदीवरही तो पडला. रसायनं पुरी पडेनात, तेव्हा 2010 साली ‘असेरोफॅगस पपाये’ नावाची चिमुकली परोपजीवी माशी परदेशातून आणून सोडण्यात आली. तिनं ढेकणाच्या अंगात अंडी घातली आणि ही कीड आटोक्यात आली. घरच्या बागेत असेच मित्रकीटक आपोआप येतात. ढालकिडा दिसला तर दोन आठवडे फवारणीच थांबवावी. तुळस, कढीपत्ता, मिरची आपण खातो, त्यामुळे तीव्र विषारी औषधं तिथं मुळातच नकोत. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती हातानं उचलावी. तिचंच पुढं सुंदर लिंबू फुलपाखरू होतं.

माती सुधारण्याचा मार्ग मराठी माणसांनीच दाखवून ठेवला आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. घरचा पालापाचोळा आणि ऊन यांच्या जोरावर थोड्या जागेत भरपूर पिकवता येतं, हे त्यांनी हिशेबानं मांडलं. त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशातच, देवास जिल्ह्यातल्या बजवाडा गावी, ही पद्धत रुजवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002पासून स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग फुलवली. या मंडळींचं अमृतजल कुणालाही करता येतं. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ मिसळावा, तीन दिवस रोज दोन-तीन वेळा ढवळावं. चौथ्या दिवशी त्यात दहा पट पाणी घालून वापरावं. या द्रावणात भिजवलेला वाळका पाला कुजून भुसभुशीत माती तयार होते. किल्ल्याच्या उतारावरचा आणि रस्त्याकडेच्या कडुनिंबाचा पाला जाळला जातो, तो गोण्यांत भरून आणला तर गच्चीला वर्षभराची माती पुरते.

एवढं करूनही दोष उमगला नाही, तर ग्वाल्हेरला त्यासाठी दूर जावं लागत नाही. राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठ 2008पासून शहरातच आहे. किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत विनामूल्य सल्लाही मिळतो. विचारण्यापूर्वी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: पिवळेपणा कुठल्या पानापासून सुरू झाला, पाणी बोअरचं की नळाचं, शेवटचं खत किंवा औषध कधी दिलं, आणि कुंडी किती तास उन्हात असते. नमुना न्यायचा तर वाळलेलं पान उपयोगी नाही. निरोगी आणि आजारी भाग जिथं मिळतात तो फांदीचा तुकडा कागदी पिशवीत घालून त्याच दिवशी न्यावा.