हिगोचा सुभेदार आमच्या घरी

परवा आमचे धाकटे भावजी जपानहून आले. माझ्या हातावर पितळेची एक चपटी वस्तू ठेवून म्हणाले, "वहिनी, तुमच्या शाळेच्या पेन्सिलींसाठी!" उघडून बघते तर घडीचा चाकू! पाचवीतले आमचे चिरंजीव झडप घालणार, तोच मी तो कपाटात टाकून कुलूप लावले. आईच ना मी!

मग चहा पिता पिता भावजींनी त्याची हकिकत सांगितली. नाव 'हिगोनोकामी', म्हणजे हिगो प्रांताचा सुभेदार. नाव भारदस्त, वस्तू मात्र साधी. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावी १८९०च्या दशकात तो घडू लागला. १५८०मध्ये वेढ्यानंतर तिथला किल्ला पडला. गाव पुन्हा उभारायला सुतार आले, त्यांच्या हत्यारांसाठी लोहार आले, आणि मिकी हत्यारांचेच गाव झाले.

या चाकूला स्प्रिंग नाही, खटका नाही. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक रिवेट आणि पाते. पात्याच्या मागे छोटी शेपटी असते, तिला 'चिकिरी' म्हणतात. कापताना तिच्यावर अंगठा दाबून धरायचा. सैल पडला, तर पाते बोटावर मिटायचे. म्हणजे लक्ष हवेच! चांगल्या पात्यात मधे कडक पोलाद आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड असते. सारण कडक, पारी मऊ म्हणा ना!

एके काळी जपानी शाळकरी मुलांच्या खिशात हा चाकू असायचाच. पेन्सिलीला टोक काढायचे, बांबूची भिरभिरी करायची. ऑक्टोबर १९६०मध्ये तोक्योत भर सभेत सतरा वर्षांच्या मुलाने इनेजिरो आसानुमा या पुढाऱ्यांचा खून केला. शस्त्र होते आखूड तलवार; पण धसका घेतला घरोघरच्या आयांनी. मुलांच्या हातातले चाकू गेले, शार्पनर आले आणि मिकीतले कारखाने एकेक करून बंद पडले. आज या नोंदलेल्या नावाने चाकू करणारे नागाओ हे एकच घराणे उरले आहे.

नागानो भागातल्या एका प्राथमिक शाळेने मात्र उलटे केले. पहिलीच्या मुलांनाच हा चाकू देऊन टोक काढायला शिकवले.

हे ऐकले आणि मी गप्पच झाले. वर्गात मुलांची ब्लेडे जप्त करणारी मीच. पण धार कशी सांभाळायची, हे मी कुणाला शिकवले होते? माझ्या आईने तर मला चौथीतच विळीवर बसवले होते, स्वतः शेजारी बसून.

रविवारी कुलूप काढले. लेकाला जवळ बसवले. अंगठा चिकिरीवर, पाते अंगापासून दूर. टोक वेडेवाकडे निघाले, बोटाला जरासे खरचटलेही. पण रडला नाही. पोलादाला गंज लवकर चढतो, म्हणून पाते कोरडे पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब त्यानेच लावला आणि चाकू आपणहून माझ्या हाती दिला.

कपाटाची किल्ली अजून माझ्याच कमरेला आहे. पण आता तो मागतो, तेव्हा मी ती काढते आणि शेजारी बसते.