नियामक जनुके, ॲलर्जी आणि बंगळुरूचा अनुभव

बंगळुरूतील बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी १८ वर्षांखालील २० हजारांहून अधिक मुलांचा रुग्णालयाधारित अभ्यास केला. त्यात दम्याचे प्रमाण १९७९ मधील ९ टक्क्यांवरून १९९९ मध्ये २९.५ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. हे आकडे रुग्णालयात आलेल्या मुलांचे आहेत, संपूर्ण शहराचे नव्हेत. तरीही वाढीची दिशा निःसंदिग्ध आहे. अवघ्या वीस वर्षांत एखाद्या समाजाची जनुके एवढी बदलत नाहीत. बदलली ती शहराची हवा, वाहनांची संख्या आणि राहणीमान. मग अशा आजारांत जनुकांची भूमिका कोणती?

प्रतिकारसंस्थेला दोन कामे करावी लागतात : शत्रू ओळखून हल्ला करणे आणि तो हल्ला वेळीच थांबविणे. निरुपद्रवी परागकणांवर किंवा धुळीतील सूक्ष्म किटकांवर हल्ला झाला की ॲलर्जी होते. स्वतःच्याच ऊतींवर झाला की स्वयंप्रतिरक्षा आजार उद्भवतात. टाइप-१ मधुमेह, संधिवाताभ आणि ल्युपस ही त्यांची परिचित उदाहरणे. हल्ला थांबविणाऱ्या ‘नियामक टी-पेशी’ जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये ‘फॉक्सपी३’ हे जनुक शोधले. या पेशींची घडण त्याच जनुकावर अवलंबून असते, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फॉक्सपी३ एक्स गुणसूत्रावर असल्याने त्यातील गंभीर दोषाचा फटका प्रामुख्याने मुलग्यांना बसतो. तान्ह्या वयातच तीव्र अतिसार, इसब आणि टाइप-१ मधुमेह दिसू लागतात. अनेकदा अन्नाची ॲलर्जीही असते. एकाच जनुकाच्या बिघाडातून ॲलर्जी आणि स्वयंप्रतिरक्षा दोन्ही उद्भवावीत, यावरून त्यांचे मूळ किती जवळचे आहे हे कळते.

असे एकजनुकी आजार मात्र अत्यंत विरळ. सर्वसामान्य दमा किंवा सोरायसिस यांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. परीक्षार्थींनी येथे ‘आनुवंशिक आजार’ आणि ‘जनुकीय प्रवणता’ यांतील भेद ध्यानात ठेवावा. एचएलए-बी२७ या जनुकप्रकाराचा पाठीच्या कण्याच्या एका दाहक आजाराशी निकटचा संबंध आहे. पण तो धारण करणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना तो आजार कधीच होत नाही. प्रवणतेचे आजारात रूपांतर होण्यास परिस्थितीची जोड लागते, आणि सार्वजनिक धोरणाचा हात पोहोचतो तो परिस्थितीपर्यंतच.

या ज्ञानातून औषधेही निर्माण झाली आहेत. टी-पेशींना चेतविणाऱ्या ‘सीडी६’ या रेणूला आवर घालणारे इटोलिझुमॅब हे प्रतिपिंड बंगळुरूच्या बायोकॉनने क्युबाच्या संस्थेच्या सहकार्याने विकसित करून २०१३ मध्ये सोरायसिससाठी बाजारात आणले. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, त्याला मर्यादित आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. चाचणी अवघ्या ३० रुग्णांवर झालेली असल्याने पुरावा तोकडा होता. राष्ट्रीय कृती दलाने ते उपचार-नियमावलीत घेतले नाही. हा सावधपणा योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आणखी एक अडचण माहितीची आहे. जनुकीय संशोधन प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले असल्याने त्याचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरातील मेंदू संशोधन केंद्राच्या समन्वयाने राबविलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने ही उणीव काही अंशी भरून काढली. ८० हून अधिक लोकसमूहांतील सुमारे १० हजार व्यक्तींच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. खासगी गुंतवणूकदाराने अशी सार्वजनिक वस्तू क्वचितच निर्माण केली असती. तथापि, हे नमुने निरोगी व्यक्तींचे आहेत. तुलनेसाठी दमा, ल्युपस किंवा टाइप-१ मधुमेह असलेल्या भारतीय रुग्णांची तेवढीच पद्धतशीर माहिती स्वतंत्रपणे गोळा करावी लागेल, आणि त्यासोबत ते राहतात तेथील हवेच्या नोंदीही.