दोघांचं स्टेशन (शहराचा हिशेब : भाग १४)

गृहकर्जाचा हप्ता परवडतो की भाडं, हे या आठवड्यात मांडायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो आहे. आकडेमोड तयार आहे, पण मंगळवारी सांगलीहून एक पत्र आलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

पत्र विश्रामबागेतल्या एका जोडप्याचं. लग्नाला दोन वर्षं झालेली. त्याला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीनं लेखा विभागात बोलावलं आहे, पगार आताच्या दुपटीला थोडासा कमी. ती मिरजेच्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. सासऱ्यांनी बांधलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर दोघं राहतात. भाडं नाही, गहू-ज्वारी घरची. प्रश्न शेवटच्या ओळीत आहे : मुंबईत महिना किती हाती आले म्हणजे दोघांचं भागेल?

अक्षर तिचं, सह्या दोघांच्या. त्याच्या नोकरीवर अकरा ओळी आहेत. पद काय, पगाराची फोड कशी, बोनस केव्हा, वरिष्ठ कसे वाटले. तिच्या नोकरीवर अर्धी ओळ : ‘मला तिकडे काहीतरी मिळेलच.’ आजचा सगळा भाग मी त्या अर्ध्या ओळीसाठी लिहितो आहे.

किती पगार पुरतो याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. सरकारनं तसा प्रयत्न केला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत, एक्स, वाय आणि झेड. मुंबई-पुणे एक्समध्ये, सांगली-कोल्हापूर वायमध्ये. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबानं महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा हे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे ४०,००० मूळ पगाराचा माणूस सांगलीहून मुंबईला बदलून आला तर त्याच्या भत्त्यात ४,००० रुपयांची भर पडते. विश्रामबागेतल्या दोन खोल्या आणि घाटकोपरच्या दोन खोल्या यांच्यातलं अंतर ४,००० रुपयांचं नाही, हे भाड्यानं घर शोधलेल्या कुणालाही ठाऊक आहे. शिवाय मुंबई म्हणून एकच भाव नसतोच. त्यामुळे कुणी मला पगार विचारला की मी उलट स्टेशन विचारतो.

मुंबईत उभं जाणं सोपं, आडवं जाणं अवघड. याचं मूळ जुनं आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती जीआयपी कंपनीची. पश्चिम किनाऱ्याची लाइन टाकली बीबीसीआयनं. दोन स्वतंत्र कंपन्या, दोघींची डोकी दक्षिणेला, दोघींचे पाय उत्तरेला. १९५१ मध्ये त्यांचे मध्य आणि पश्चिम रेल्वे असे विभाग झाले, पण जमिनीवरचे रूळ होते तिथेच राहिले. या दोन मुख्य लाइनी शहरात खऱ्या अर्थानं भेटतात त्या दादरला. हार्बरची एक फांदी वडाळ्याहून वांद्रे-गोरेगावकडे वळते, तेवढाच एक आडवा धागा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. तिचे ११ किलोमीटर आणि १२ स्टेशनं मला या शहरातल्या कुठल्याही सागरी पुलापेक्षा मोलाची वाटतात, कारण पहिल्यांदाच कुणीतरी आडवं जाणाऱ्या माणसाचा विचार केला. नंतर आलेली आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो कितीही देखणी असली तरी पुन्हा उभीच.

एकट्या माणसाला यानं फारसा फरक पडत नाही. जिथे नोकरी त्या लाइनीवर जमेल तितकं वर सरकायचं आणि भाडं उतरेल तिथे थांबायचं. जोडप्याचं तसं नाही. दोन नोकऱ्या दोन लाइनींवर पडल्या की तिसरा बिंदू शोधावा लागतो, आणि तो शोधण्याची रीत या शहराला फार उशिरा लागली.

उशिरा, कारण मुंबई जोडप्यांसाठी वसलेलीच नव्हती. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला पुरुष एकटा यायचा. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळी बदलली की वळकटीही बदलायची. गावकीनं घेतलेल्या खोल्या होत्या. गोव्याच्या गावांचे धोबीतलाव-माझगाव भागात कूड होते, तिथे गावच्या माणसाला थोडक्या पैशांत खाट आणि ट्रंक ठेवायला जागा मिळे. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यावर कधीतरी एक आख्खा भाग लिहायचा आहे. सांगायचं ते हे, की महाग शहरात राहण्याचा तेव्हाचा तोडगा म्हणजे बायकोला गावी ठेवणं. मनीऑर्डर जायची, माणूस शिमग्या-गणपतीला जायचा. गिरणीचा पगार एका माणसाच्या खाटेपुरता होता. घरधनीण, पोरं आणि म्हातारी यांचा अर्धा भार शेत उचलत होतं. मुंबई स्वस्तात चालली ती त्या शेतांच्या जिवावर.

जोडपं आलं तेव्हा अडचण जागेची झाली. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० चा. चाळीतल्या भरल्या घरात नव्या नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही, एवढीच गोष्ट. बासू चटर्जींनी तीच दोन वर्षांनी हिंदीत ‘पिया का घर’ म्हणून केली. १९७७ च्या ‘घरोंदा’त नोकरी करणारे दोघं पै-पै जमवून फ्लॅट शोधतात. सात वर्षांत पडद्यावरचा प्रश्न कोपऱ्यावरून फ्लॅटवर आला. आता तो फ्लॅटवरून अंतरावर आला आहे.

आमच्या घरातही तो तसाच आला. मी १९९१ मध्ये इचलकरंजीहून आलो. ऑफिस चर्चगेटजवळ. बोरिवलीला घर घेतलं, कारण थेट गाडी, आणि सुटणारी लोकल मिळाली की बसायला जागा. हिला वर्षभरानं नोकरी मिळाली ती ठाण्याच्या एका शाळेत. नकाशात बोरिवली आणि ठाणं शेजारी दिसतात. मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. एक तर घोडबंदरमार्गे बस, नाहीतर खाली दादरला येऊन पुन्हा वर ठाण्याला. पहाटे उठून डबे करून ही निघायची आणि दिवेलागणीनंतर परतायची. दीड वर्षानं तिनं नोकरी सोडली. घर बदलावं असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. माझी गाडी थेट होती ना! त्या डोंगराखालून आता ठाणे-बोरिवली जुळा बोगदा खणला जातो आहे. त्याची बातमी आली की आम्ही दोघंही ती वाचतो, आणि बोलत कुणीच नाही.

म्हणून ती अर्धी ओळ मला टोचली. पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू केली, आणि त्या गाडीत भाजी निवडणाऱ्या बायकांची छायाचित्रं कौतुकानं छापली गेली. मला ती छायाचित्रं हिशेबाच्या कागदासारखी दिसतात. घर नवऱ्याच्या नोकरीवरून ठरलं, उरलेलं अंतर बायकोच्या वाट्याला आलं, आणि स्वयंपाकघरातला एक तास डब्यात भरावा लागला.

आता सांगलीकरांचं बघू. त्यांचं नशीब चांगलं आहे, कारण संकुल कुर्ला आणि वांद्रे यांच्या मधोमध आहे. कुर्ल्याला उतरलं की पश्चिमेकडून शेअर रिक्षा मिळतात. आणि लॅब टेक्निशियनला कामाची जागा शोधायची तर परळसारखा भाग नाही : केईएम, वाडिया, टाटा मेमोरियल आणि त्यांच्या आसपासच्या असंख्य खासगी प्रयोगशाळा. कुर्ला आणि परळ दोन्ही मध्य रेल्वेवर, एकाच रेषेत. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, ठाणे यांपैकी कुठूनही दोघं एकाच गाडीत चढू शकतात, तो आधी उतरेल, ती पुढे जाईल. पण तिला गोरेगाव-मालाडकडे काम मिळालं तर हे सगळं उलटतं. मग घाटकोपरला मेट्रोच्या पायथ्याशी राहणं शहाणपणाचं, भाडं चढं असलं तरी. त्यामुळे माझा आग्रह असा, की आधी तिनं अर्ज करावेत, मुलाखती द्याव्यात, मग घर बघावं. संकुलातली कंपनी रुजू व्हायला महिना-दीड महिना देते. तेवढ्या काळात ‘काहीतरी’ची जागा एका पत्त्यानं घ्यायला हवी.

भाड्याचा हिशेब मी तासांत करतो. समजा, डोंबिवलीत वन बीएचके १४,००० ला मिळतो आणि घाटकोपरला त्याहून लहान वन आरके २६,००० ला. फरक १२,००० चा. डोंबिवलीहून प्रत्येकाचा रोज, जाऊन-येऊन, दीड तास जास्त जातो असं धरा. दोघांचे तीन तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ७५ तास. १२,००० भागिले ७५, ताशी १६० रुपये. आता एकमेकांकडे बघून ठरवायचं, की आपला तास १६० रुपयांना विकायचा का. काही जोडप्यांना तो सौदा पटतो, विशेषतः गावी हप्ता चालू असेल तर, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. मात्र तो तास चौथ्या सीटवर टेकून किंवा दाराशी उभं राहून काढायचा असतो, हेही त्याच कागदावर लिहावं. मुख्य म्हणजे दीड तास दोघांचा सारखा धरू नका. एकाचा पाऊण आणि दुसरीचा सव्वादोन असेल, तर बेरीज तीच येते आणि संसार वेगळा होतो.

करारावर थोडं, कारण पागडीच्या भागानंतर तीन-चार वाचकांनी तेच विचारलं आहे. तुमचं घर लीव्ह अँड लायसन्सवर असेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खर्च फार नाही. २२,००० भाडं, एक लाख डिपॉझिट आणि ११ महिने असतील तर पाव टक्क्याच्या हिशेबानं मुद्रांक शुल्क सव्वासहाशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एवढ्यासाठी ‘साध्या स्टॅम्पवर करू’ म्हणणाऱ्या एजंटाचं ऐकू नका. पहिल्या खेपेला मी ऐकलं होतं, आणि डिपॉझिटमधले पैसे मागताना माझ्या हातात दाखवायला कागद नव्हता. लॉक-इनचं कलम नीट वाचा. सहा महिन्यांचं असेल तर तीनवर आणायचा प्रयत्न करा, कारण तिची नोकरी दुसऱ्या लाइनीवर लागली तर तुम्हाला घर बदलता आलं पाहिजे. डिपॉझिट, एजंटाचं एका महिन्याचं भाडं आणि टेंपो हे सगळं पहिल्या पगाराच्या आधी लागतं. ते सांगलीतच बाजूला काढून निघा. विश्रामबागेतला वरचा मजला या ११ महिन्यांत कुणाला भाड्यानं देऊ नका.

आणखी एक करा. रजा काढून दोघं रविवारी रात्री मुंबईत या, नातेवाइकांकडे उतरा. सोमवारी सकाळी साडेआठला मुलुंडहून आणि मंगळवारी त्याच वेळी डोंबिवलीहून गाडी धरा. तिनं परळपर्यंत जावं, त्यानं कुर्ल्याला उतरून संकुलाचं दार गाठावं. मग संध्याकाळी परतीची गाडी. घर बघायला एजंट नेहमी दुपारी बोलावतात, आणि दुपारी सगळीच स्टेशनं जवळ वाटतात.

पत्रात एक गोष्ट राहिली आहे, ती कळवा. लॅबमध्ये तुमची पाळी कुठली असते? रिकाम्या पोटी रक्त द्यायला माणसं सकाळी लवकर येतात, त्यामुळे बऱ्याच प्रयोगशाळांचं काम सातला सुरू होतं. तसं असेल तर तुम्ही गर्दीच्या आधीच्या गाडीनं जाल आणि दुपारी गर्दीच्या आधी परताल, मग डोंबिवलीचा दीड तास तुमच्यासाठी बसून काढण्याजोगा होतो आणि अवघड गाडी त्याच्या वाट्याला येते. साडेनऊची पाळी असेल तर मी मुलुंडच्या वर सरकू देणार नाही. पाळी कळली की उत्तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला देतो, आणि मग गृहकर्जाकडे वळू.