शंभर रुपयांच्या डब्यातून तीन लाख लिटर

१.२ लिटर इंजिनाच्या साध्या पेट्रोल गाडीत तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं आणि ते साधारण १० हजार किलोमीटरला बदलतात. शहर, हायवे, सिग्नल, घाट असं सगळं धरून सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर मानला, तर एवढं अंतर कापायला इंजिन ३३३ तास, म्हणजे २० हजार मिनिटं चालतं. मिनिटाला सरासरी २ हजार फेरे धरले की क्रँकशाफ्टचे ४ कोटी फेरे होतात. या फिरण्यावरच ऑइल पंप चालतो. तो मिनिटाला १५ लिटर ऑइल ढकलतो असं धरू. छोट्या इंजिनासाठी हा आकडा फुगवलेला नाही. म्हणजे एका सर्व्हिसिंगपासून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ऑइल फिल्टरमधून ३ लाख लिटर ऑइल जातं. दुष्काळी गावात पाणी नेणारा मोठा टँकर १० हजार लिटरचा असतो. असे ३० टँकर. तेच तीन लिटर ऑइल फिल्टरच्या मुठीएवढ्या डब्यातून एक लाख वेळा गाळलं जातं. डब्याची किंमत शंभर-दीडशे रुपये.

एवढं काम करणाऱ्या वस्तूची पारख आपण कशी करतो? डबा हातात घेऊन वजन बघतो, रंग बघतो, मिस्त्रीला विचारतो. पण फिल्टरचं खरं काम ज्या मापांत चालतं, ती डोळ्यांना दिसत नाहीत.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि साधारण ४० मायक्रॉनच्या खालचं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट २५ ते ५० मायक्रॉन असते. पिस्टनचा दाब आला की एका बाजूला ऑइलचा थर अवघ्या काही मायक्रॉनवर येतो. फटीत शिरण्याइतका लहान पण त्या थराहून जाड असा कण सगळ्यात वाईट, आणि १० ते २० मायक्रॉनची धूळ नेमकी त्यात बसते. फटीहून मोठा खडा आत शिरतच नाही. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झ असतं, आणि ते बेअरिंगच्या मऊ धातूपेक्षा कितीतरी कठीण.

अशा धुळीचा एक ग्रॅम घ्या. १० मायक्रॉन व्यासाचा गोल कण आणि क्वार्ट्‌झची घनता २.६५ धरली, तर एका ग्रॅममध्ये ७० कोटींहून जास्त कण निघतात. चमचाभर नाही, एक ग्रॅम. फिल्टर तुंबेपर्यंत ११ ग्रॅम धूळ धरू शकला, तर त्यात ८०० कोटींच्या घरात कण झाले. पृथ्वीवरच्या माणसांची संख्या २०२२ मध्ये ८०० कोटींवर गेली.

ही धूळ येते कुठून? मुख्यतः हवेतून. ४ कोटी फेऱ्यांत इंजिन २ कोटी वेळा श्वास घेतं. दर वेळी पूर्ण १.२ लिटर हवा घेतली तर २ कोटी ४० लाख लिटर होते. पण शहरात ॲक्सिलरेटर क्वचितच पूर्ण दाबलेला असतो, म्हणून १ कोटी लिटर, म्हणजे १० हजार घनमीटर धरू. घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम पीएम१० (१० मायक्रॉनपर्यंतची धूळ) ही आपल्या देशातली चोवीस तासांसाठीची मर्यादा आहे. नेमकी तेवढीच धूळ हवेत असली, तर इंजिनाच्या तोंडाशी एक ग्रॅम धूळ येते. एअर फिल्टरने ९९ टक्के अडवली तरी एक शतांश ग्रॅम आत जाते. सगळे कण १० मायक्रॉनचे मानले तर ते ७० लाख होतात. प्रत्यक्षात ते बारीक असतात, म्हणून संख्या याहूनही मोठी. बरेचसे धुराबरोबर बाहेर पडतात. जे सिलिंडरच्या भिंतीवरच्या ऑइलला चिकटतात, ते खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतात. त्यांत इंजिनाच्या स्वतःच्या झिजेचा धातू मिसळतो. मेट्रोचं काम चालू असलेल्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीचा हिशेब आणखी वेगळा.

आता टक्केवारीकडे येतो, कारण फिल्टरचं सगळं मोल तिथं आहे आणि तिथंच आपण सर्वाधिक फसतो. फिल्टर तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ ४५४८-१२. ॲरिझोनाच्या वाळूपासून केलेली, कणांचं माप ठरलेली धूळ ऑइलमध्ये सतत मिसळत राहतात आणि फिल्टरच्या आधी व नंतर किती कण आहेत ते यंत्राने मोजतात. निकाल दोन आकड्यांचा असतो: अमुक मायक्रॉनचे अमुक टक्के कण अडले. यातला एक आकडा गाळला की दुसऱ्याला अर्थ उरत नाही. खोक्यावर नुसतं ‘१० मायक्रॉन’ लिहिलेला फिल्टर त्या मापाचे निम्मे कण सोडणारा असू शकतो, आणि शंभरात एखादाच सोडणाराही.

९५ टक्के आणि ९९ टक्के यांत फरक किती? चारचा, असं वाटतं. पण अडलेले कण मोजण्यापेक्षा निसटलेले मोजा. एक लाख कणांपैकी पहिला ५ हजार सोडतो, दुसरा १ हजार. फरक पाचपट. ९९.९ टक्केवाला फक्त १०० सोडतो. यावर कुणी म्हणेल की ऑइल तर पुन्हा पुन्हा त्याच फिल्टरमधून जातं, आज सुटलेला कण पुढच्या फेरीत सापडेल. ते खरंच आहे, आणि स्वस्त फिल्टर लावूनही इंजिनं लाखभर किलोमीटर चालतात ती त्यामुळेच. मिनिटाला पाच फेऱ्या होतात; निम्मेच कण धरणारा फिल्टरही कागदी हिशेबाने दोन मिनिटांत हजारातला एकच कण शिल्लक ठेवतो. मात्र बहुतेक गाड्यांत ऑइल फिल्टरमधून निघून थेट बेअरिंगकडे जातं, त्यामुळे सापडण्याआधी कण किती वेळा निसटला हे महत्त्वाचं. ५० टक्केवाल्यात प्रत्येक कण सरासरी एकदा बेअरिंगवरून जाऊन येतो. ९५ टक्केवाल्यात १९ कणांमागे एक, ९९ टक्केवाल्यात ९९ कणांमागे एक. २० टक्केवाल्यात प्रत्येक कण सरासरी चार वेळा. सारा दिवस नवे कण येत असताना हे गुणोत्तर तसंच चालू राहतं. जनरल मोटर्सने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० मायक्रॉनच्या फिल्टरशी तुलना केली होती: ३० मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनाची झीज ५० टक्क्यांनी घटली, १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी.

फिल्टरचं नाव मात्र या आकड्यांवर ठरत नाही. हौशी लोक डबा कापून आतला कागद उलगडतात आणि घड्या मोजतात. अमेरिकेत फ्रॅम कंपनीचा स्वस्त केशरी डबा त्यामुळे वर्षानुवर्षं बदनाम आहे: आतल्या कागदाच्या दोन्ही टोकांना पत्र्याऐवजी पुठ्ठ्यासारखी चकती असते. त्याच डब्याबद्दल कंपनी २० मायक्रॉनहून मोठ्या कणांसाठी ९५ टक्के असा आकडा जाहीर करते, आणि कमी किमतीच्या डब्यासाठी तो वाईट नाही. घड्या मोजणं अगदीच व्यर्थ आहे असं मी म्हणणार नाही. दीड सेंटिमीटर खोल, पाच सेंटिमीटर उंच अशा ५० घड्यांत ७५० चौरस सेंटिमीटर कागद बसतो. घड्या निम्म्या केल्या की ऑइल कागदातून दुप्पट वेगाने घुसतं आणि फिल्टर लवकर तुंबतो. पण कागदाची छिद्रं किती बारीक आहेत, हे घड्या सांगत नाहीत.

डबा कापलाच, तर मी आधी डिंकाची शिवण बघेन. कागदाची दोन टोकं जिथं जुळतात तिथं एक मिलिमीटरचं भोक राहिलं असेल, तर त्याचं क्षेत्रफळ २० मायक्रॉनच्या २,५०० छिद्रांएवढं. प्रवाह मात्र संथ असेल तर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे कागदी हिशेबाने ते भोक साडेबासष्ट लाख छिद्रांचं ऑइल एकटं वाहून नेईल. प्रत्यक्षात भोकाच्या तोंडाशीच अडथळा होतो आणि आकडा बराच खाली येतो. तरीही उत्तम कागदाचं नाव मातीत घालायला तेवढं एक भोक पुरे. तसंच बायपास व्हॉल्व्हचं. थंडीत पहाटे ऑइल घट्ट असताना किंवा कागद तुंबल्यावर तो उघडतो, म्हणजे इंजिन कोरडं पडत नाही. पण ढिल्या स्प्रिंगचा व्हॉल्व्ह एरवीही गळत राहतो आणि तेवढं ऑइल न गाळताच पुढे जातं. इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत खाली उतरू नये म्हणून आत रबराची चकती असते. साधं नायट्राइल रबर उष्णतेने कडक होत जातं, सिलिकॉन जास्त टिकतं. सकाळी स्टार्ट करताना इंजिन क्षणभर खडखडत असेल, तर ही चकती तपासायला हवी.

‘ऑइल लवकर काळं पडलं, फिल्टर भिकार निघाला’ हे गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं. ऑइल काळं होतं ते काजळीने, आणि काजळीचा कण एका मायक्रॉनहूनही लहान असतो. तो कुठल्याच साध्या फिल्टरमध्ये अडकत नाही. या कसोटीवर चांगला फिल्टरही नापास होईल.

पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलात तर काउंटरवर ‘कंपनीचा’ आणि ‘लोकल’ असे प्रकार ऐकायला मिळतील. गाडीच्या कंपनीला फिल्टर पुरवणारे कारखाने आपल्या नावानेही माल विकतात, बरेचदा कमी किमतीत, आणि माझ्या मते बेताच्या पैशांत तोच सगळ्यात शहाणा सौदा आहे. खरी भीती डुप्लिकेटची. त्याचं खोकं हुबेहूब असतं, म्हणून नामांकित ब्रँडसुद्धा अधिकृत दुकानातूनच आणि बिलासकट घ्यावा. ज्या खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत मायक्रॉन आणि टक्के दोन्ही सापडतात, तो फिल्टर वीस रुपये महाग असला तरी मी तोच घेईन.

बसवताना डब्याच्या तोंडाची रबरी रिंग बोटाने दाबून बघा. ती मऊ आणि खाचेत सगळीकडे सारखी बसलेली हवी. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, तेही बघा. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावून ती टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग साधारण पाऊण आटा. दोन रिंगा एकावर एक राहिल्या तर दाबाखाली वरची निसटते. पंप मिनिटाला १५ लिटर ढकलतो, इंजिनात तीनच लिटर आहेत. सगळा प्रवाह तिथून बाहेर पडला तर इंजिन १२ सेकंदांत रिकामं होतं.