सटर स्ट्रीटवरचा कट्टा

सप्टेंबर 2020. लॉकडाऊनमधलं वर्क फ्रॉम होम. वर फॉर्मल शर्ट, खाली बर्म्युडा. कॉलवर कुणीतरी डेडलाइनचं पुराण लावलं होतं आणि मी गुपचूप दुसऱ्या विंडोत बातम्या चाळत होतो. तिथे दिसलं, कीथ हफनॅगल गेला. वय अवघं 46. ब्रेन कॅन्सर.

माझा चेहरा बघून बायकोनं विचारलं, ‘‘काय रे, कोण गेलं?’’

‘‘एक दुकानदार. सॅन फ्रान्सिस्कोचा.’’

तिला काही कळेना. साहजिकच आहे. या माणसाशी मी आयुष्यात एक शब्दही बोललेलो नव्हतो!

गोष्ट 2005ची. कंपनीनं ऑनसाइट पाठवलं. घरी पेढे वाटले गेले, पण खरं सांगू? महिन्याभरातच मी जाम कंटाळलो. सोमवार ते शुक्रवार क्यूबिकल, शनिवारी लाँड्री, रविवारी आईला फोन. कॉफी घेतानाही डॉलरला चव्वेचाळीसनं गुणायचं. अशाच एका शनिवारी भटकत सटर स्ट्रीटवर पोचलो. जवळचा टेंडरलॉइन हा शहरातला जरा बदनाम भाग. तिथे एक छोटंसं दुकान होतं, ‘हफ’. दारात पोरांचा घोळका, बगलेत स्केटबोर्ड.

हफनॅगल मूळचा न्यूयॉर्कचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि प्रोफेशनल स्केटर म्हणून गाजला. स्केटिंगमध्ये ‘ऑली’ नावाचा एक फंडा असतो. बोर्डचं मागचं टोक पायानं आपटायचं आणि हात न लावता बोर्डसकट हवेत उडायचं. त्याची ऑली उंचीसाठी फेमस होती. या शहराचे छातीत धडकी भरवणारे उतार तो तुफान वेगात उतरायचा.

2002मध्ये त्यानं हे दुकान थाटलं. सहजासहजी न मिळणारे स्नीकर्स आणि कपडे एका छताखाली आणायचे, ही आयडिया. 2004मध्ये तर नाइकेनं ‘हफ’सोबत खास शूज काढले. पुढे दुकानाचा ब्रँड झाला, मुक्काम लॉस एंजेलिसला हलला. गांजाच्या पानाची नक्षी असलेले त्यांचे मोजे तर जगभर पोचले. 2017मध्ये एका जपानी कंपनीनं ब्रँडमधला मोठा हिस्सा विकत घेतला. हा झाला बिझनेस.

मला मात्र आठवतो तो दारातला घोळका. स्केटिंग करणाऱ्या पोरांना तिथे प्लाझांमधून, ऑफिसच्या पायऱ्यांवरून वॉचमन हुसकावून लावायचे. जिकडेतिकडे ‘स्केटिंगला मनाई’च्या पाट्या. या दारात मात्र त्यांना कुणी ‘काय पाहिजे?’ असं विचारत नव्हतं. आपल्याकडे त्याला कट्टा म्हणतात.

मला तर कुणी हुसकावतही नव्हतं, कारण मी कुणाच्या खिजगणतीतच नव्हतो. तिसऱ्या शनिवारी काउंटरवरच्या पोरानं ओळखीचं हसून मान हलवली. बस्स, एवढंच! पण त्या शहरात ऑफिसबाहेर मला ओळखणारा तो पहिला माणूस. पर डिएममधून पैसे वाचवून शेवटी एक जोडी घेतली. स्केटबोर्डवर मी कधी पाय ठेवला नाही, ती गोष्ट वेगळी.

मालक कोण, हे मी सहा महिन्यांत एकदाही विचारलं नाही. त्याची माहिती काढली ती पुण्याला परत आल्यावर, इंटरनेटवर. कदाचित एखाद्या शनिवारी तो दारातच उभा असेल आणि मी ‘एक्सक्यूज मी’ म्हणत त्याच्या बाजूनं आत गेलो असेन. हे मात्र आजही लागतं.

2022मध्ये दुकानाला वीस वर्षं झाली म्हणून नाइके आणि ‘हफ’नं पुन्हा शूज काढले. मी घेतले नाहीत. माझी जुनी जोडी अजून शू रॅकच्या खालच्या कप्प्यात आहे. एकाचा सोल सुटलाय. बायकोनं दोनदा भंगारात काढली, दोनदा मी परत आणली.

तुमच्या नाक्यावरही असा कुणी असेलच. सायकलवाला, कॅसेटवाला, ऑफिसखालचा चहावाला. ज्याच्या दुकानासमोर तुम्ही काहीही न घेता तासभर उभे राहता, असा. त्याचं नाव माहीत आहे का तुम्हाला? नसेल तर उद्या विचारून टाका.