रिपोर्टमधील ‘एसएम’ म्हणजे काय?

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ आपल्या २२ वर्षांच्या मुलीचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आले. मुलीचे सांधे चार महिने दुखत होते, केस गळत होते, उन्हात गेले की गालांवर लाल चट्टे उठत. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. रिपोर्टात ‘एसएम पॉझिटिव्ह’ लिहिले होते. “डॉक्टर, हे काय नवीन?”

हे समजण्यासाठी पेशीत डोकवावे लागेल. जनुकातील माहितीची नक्कल आरएनएच्या रूपाने निघते. तिच्यात मधे मधे नको असलेला मजकूर असतो. तो कापून उरलेले तुकडे जोडले, की मगच तिच्यावरून प्रथिन तयार होते. या कातरकामात पाच छोटे आरएनए राबतात : यू-१, यू-२, यू-४, यू-५ आणि यू-६.

प्रत्येकाची लांबी आणि काम वेगळे. पण पहिल्या चौघांची ठेवण सारखी. एका टोकाला एकाच प्रकारची टोपी, अंगात केसांच्या पिनेसारखी वळणे आणि दोन वळणांच्या मधे एक छोटा मोकळा पट्टा. या पट्ट्याभोवती सात प्रथिने बांगडीसारखी बसतात. हीच ‘एसएम’ प्रथिने. यू-६ ला हा पट्टा नसतो. त्याची बांगडी वेगळ्या प्रथिनांची.

ल्युपस या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते. काही रुग्णांत ती या बांगडीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. बांगडी चौघांत एकच, म्हणून ती चौघांनाही पकडतात. १९७९ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि मायकेल लर्नर यांनी ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातील अशीच प्रतिपिंडे वापरून हे आरएनए वेगळे काढले. त्यातूनच पुढे त्यांचे कातरकाम उलगडले.

एसएम पॉझिटिव्ह आले, तर ल्युपसचा संशय बळावतो. मात्र निदान लक्षणे आणि इतर तपासण्या मिळूनच होते. निगेटिव्ह आले म्हणून ल्युपस नाही, असेही समजू नये. बहुसंख्य रुग्णांत ही प्रतिपिंडे सापडतच नाहीत.

ल्युपसमध्ये मूत्रपिंडाला सूज आली तरी दुखत नाही. म्हणून लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब तपासलाच पाहिजे. वेदनाशामके मनाने घेऊ नयेत, स्टिरॉइड मनाने सुरू किंवा बंद करू नये, उन्हापासून जपावे.

निघताना त्या गृहस्थांनी हळूच विचारले, “लग्न जमवायचं आहे हिचं. कसं करावं?” मी म्हटले, “हा आजार संसर्गाने पसरत नाही. औषधाने आटोक्यात राहतो. आजार शांत असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळंतपणही होऊ शकते. मुलाकडच्यांपासून लपवू मात्र नका. आणि आधी लघवी तपासा.”

लघवीत प्रथिने सापडली. मुलीला त्याच दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी तज्ज्ञांकडे पाठवले.