विश्लेषण : पुस्तक वाचून ‘एसईओ’ शिकता येते का? नागपूरच्या व्यावसायिकाने काय वाचावे, काय गाळावे?

गूगल मॅप्सवर दुकानाचा मोबाइल क्रमांक टाकला की काही दिवसांत फोन सुरू होतात. ‘तुमचे नाव गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणून देतो’ हे त्यातले ठरलेले वाक्य. दरमहा काही हजार रुपये, सहा महिन्यांचा करार आणि महिनाअखेरीस आलेखांनी भरलेला एक इंग्रजी अहवाल. इतवारीतील साडीविक्रेता असो की बुटीबोरीतील सुटे भाग बनवणारा उद्योजक, त्या अहवालातले खरे किती आणि सजावट किती हे ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. अशा वेळी पुस्तक घेऊन स्वतःच शिकावे, हा विचार चुकीचा नाही. मात्र या विषयाची पुस्तके कशी वाचायची, हे आधी समजून घ्यावे लागते.

एसईओ म्हणजे नेमके काय?

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणजे आपले पान गूगलसारख्या सर्च इंजिनला सापडेल, समजेल आणि योग्य माणसाला दाखवावेसे वाटेल, अशी त्याची मांडणी करणे. गूगलचा ‘क्रॉलर’ हा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पाने गोळा करतो. त्यातील निवडक पाने ‘इंडेक्स’ या सूचीत नोंदवली जातात. कोणी काही शोधले की त्या सूचीतून निकाल लावले जातात. या निकालांत वरची जागा पैसे देऊन मिळत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर ‘प्रायोजित’ अशी खूण असते. फोनवर बोलणारी व्यक्ती यापैकी नेमके काय विकत आहे, हा पहिला प्रश्न इथेच तयार होतो.

पुस्तक उघडल्यावर आधी कोणते पान पाहावे?

प्रकाशनाचे वर्ष छापलेले पान. या विषयात ते अनुक्रमणिकेपेक्षा महत्त्वाचे आहे. ‘द आर्ट ऑफ एसईओ’ हे या क्षेत्रातले जाडजूड आणि मान्यताप्राप्त पुस्तक २००९ मध्ये प्रथम आले आणि २०२३ मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. लेखकांना पुन्हा पुन्हा लिहावे लागले, कारण मधल्या काळात गूगल बदलत गेले. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे शंभर-दीडशे रुपयांत मिळणारी जुनी आवृत्ती म्हणूनच महागात पडू शकते.

उदाहरणार्थ, पानाच्या कोडमध्ये ‘मेटा कीवर्ड्स’ची लांबलचक यादी भरा, असा सल्ला जुन्या पुस्तकांत आढळतो. क्रमवारीसाठी आपण हा टॅग वापरत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. लिंकचेही तसेच. गूगलची सुरुवातच १९९८ मध्ये ‘पेजरँक’ या कल्पनेवर झाली. ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पाने बोट दाखवतात ते पान महत्त्वाचे, असा तो हिशेब. त्यातून लिंक विकण्याचा धंदाच उभा राहिला. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतील ‘जेसी पेनी’ या मोठ्या दुकानसाखळीच्या बाबतीत हे उघडकीस आले. असंबद्ध संकेतस्थळांवर पेरलेल्या हजारो लिंकच्या जोरावर ती अनेक शोधांत सर्वात वर होती. गूगलने कारवाई करताच प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१व्या क्रमांकावर घसरली. या लिंकची आपल्याला माहिती नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि नेमलेल्या एसईओ संस्थेशी संबंध तोडले. एवढ्या मोठ्या कंपनीला आपल्या नावाने काय चालले आहे हे ठाऊक नसेल, तर दुकानदाराची स्थिती वेगळी असण्याचे कारण नाही. पुढे एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या बदलाने अशा लिंकवर व्यापक लगाम घातला. त्याआधी छापलेले लिंकविषयीचे प्रकरण सरळ ओलांडावे.

अगदी अलीकडचा सल्लाही शिळा होतो. ‘गूगल माय बिझनेस’वर फुकट वेबसाइट बनवा, असे अनेक मार्गदर्शकांत लिहिलेले असते. त्या सेवेचे नाव २०२१ मध्ये ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झाले आणि त्यावरच्या फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही काही शोधांवर एआयने तयार केलेले उत्तर निकालांच्या वर दिसू लागले. त्याआधी छापलेल्या पुस्तकात त्याची चर्चा कुठून असणार?

मग पुस्तकातले टिकते काय?

पानाचे शीर्षक स्पष्ट असावे, प्रत्येक सेवेची माहिती सुटसुटीत मिळावी, मोबाइलवर पान लवकर उघडावे, जुनी पाने नव्यांना जोडलेली असावीत, ग्राहक जे शब्द वापरतो ते पानावर असावेत. एवढे शिकायला हजार पाने लागत नाहीत. गूगलचे स्वतःचे ‘एसईओ स्टार्टर गाइड’ २००८ पासून मोफत उपलब्ध आहे. पुस्तकाआधी ते वाचावे. कशाकडे लक्ष देऊ नये, याचीही यादी त्यात आहे. मेटा कीवर्ड्स, ठरावीक शब्दसंख्येचा अट्टहास, डोमेनच्या नावात शब्द कोंबणे हे सारे त्या यादीत सापडते. ही यादी समोर ठेवून एखाद्या संस्थेचे दरपत्रक वाचले, तर काही ओळी आपोआप खोडल्या जातील.

बर्डी, सीताबर्डी की ‘सीताबल्डी’?

इंग्रजी पुस्तके इथे थांबतात. ‘ग्राहकाचे शब्द वापरा’ हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, पण नागपूरच्या ग्राहकाचे शब्द कोणते? नागपूरकर ‘बर्डीला जाऊन येतो’ म्हणतो, मराठी पाटीवर ‘सीताबर्डी’ असते आणि इंग्रजीत ‘सीताबल्डी’ असा उच्चार व्हावा असे स्पेलिंग रूढ आहे. ‘सावजी’ इंग्रजीत लिहिताना कोणी मध्ये ‘ओ’ घालतो, कोणी ‘व्ही’. संत्रा बर्फीतील ‘बर्फी’ कोणी ‘यू’ने लिहितो, कोणी ‘ए’ने. स्पेलिंगमधले असे फरक गूगल बऱ्याच अंशी ओळखते, त्यामुळे प्रत्येक रूप पानभर पेरण्याची गरज नाही. तसे केल्यास मजकूर वाचवत नाही आणि नियमांतही बसत नाही. पण पत्ता आणि वर्णन लिहिताना ‘सीताबर्डी’ मराठीत आणि रूढ इंग्रजी स्पेलिंग इंग्रजीत असणे, एवढे तरी हवेच.

संत्र्याचे उदाहरण जास्त गंभीर आहे. ‘नागपूर ऑरेंज’ला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण वनस्पतिशास्त्रानुसार आपला संत्रा हा ‘मँडरिन’ आहे. नागपुरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही त्याला ‘नागपूर मँडरिन’ म्हणते. जागतिक व्यापारात ‘ऑरेंज’ म्हटले की साधारणपणे गोड संत्रे, म्हणजे आपल्या मोसंबीच्या जवळचे फळ समजले जाते. निर्यातदाराच्या वेबसाइटवर केवळ ‘ऑरेंज’ असेल, तर मँडरिन शोधणारा परदेशी खरेदीदार तिथवर पोहोचेलच असे नाही. आणि नागपूरच्या संत्र्याचा मोठा ग्राहक असलेल्या बांगलादेशात तर या फळाला ‘कमला’ म्हणतात. हे कोणत्याही एसईओच्या पुस्तकात मिळणार नाही. ते कळमना बाजारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला आधीच ठाऊक असते, फक्त वेबसाइट बनवणाऱ्याला ते कोणी सांगितलेले नसते.

‘पहिला क्रमांक’ खरेच मिळतो का?

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगलनेच स्पष्ट केले आहे. दुकाने, दवाखाने, भोजनालये यांच्याबाबत तर ‘पहिला क्रमांक’ या शब्दालाच फारसा अर्थ नाही. नकाशावरील निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतात : शोधाशी सुसंगतता, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची ख्याती. धरमपेठेत उभ्या असलेल्या ग्राहकाला वर दिसणारे दुकान कामठीतल्या ग्राहकाला दिसणारही नाही. अहवालात ‘क्रमांक १’ लिहिले असेल तर कुठून शोधल्यावर, कोणत्या शब्दांना, हे विचारायला हवे. स्वतःच्या दुकानाचे नेमके नाव टाकून मिळालेला पहिला क्रमांक ही काही कमाई नव्हे.

अंतर बदलता येत नाही. वेळा, फोटो, व्यवसायाचा अचूक प्रकार आणि ग्राहकांचे खरे अभिप्राय मात्र मालकाच्या हातात असतात. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणे गूगलच्या धोरणात बसत नाही. प्रोफाइलमधील नावापुढे ‘नागपुरातील सर्वोत्तम’ अशी शेपटी जोडणेही नियमबाह्य आहे आणि त्यावरून प्रोफाइल निलंबित होऊ शकते.

वाचन आणि काम एकत्र कसे करावे?

एक प्रकरण वाचून एकच बदल करावा आणि तारीख लिहून ठेवावी. परिणाम दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. मोजमापासाठी ‘गूगल सर्च कन्सोल’ हे मोफत साधन आहे. लोकांनी काय शोधले तेव्हा आपले पान दिसले आणि किती जणांनी ते उघडले, याची मागील १६ महिन्यांची माहिती त्यात मिळते. महिनाभर ती यादी पाहिली, तर पुस्तकातले पुढचे कोणते प्रकरण आपल्या कामाचे हे कळू लागते.

यानंतरही वेळ नसेल तर संस्था नेमण्यात काहीच गैर नाही. मात्र डोमेन मालकाच्या नावावर असावे. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलची मालकीही स्वतःच्या ईमेलवर ठेवून संस्थेला फक्त वापराचा किंवा व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा. दोन्हीकडे तशी सोय आहे, आणि करार संपला की तो अधिकार काढून घेता येतो. डोमेन संस्थेच्या नावावर असेल, तर करार संपल्यावर पत्ता परत मागत फिरावे लागते.